नांगराला सूतभर चालतं, इंजिनाला केसभरही नाही : ड्रॉइंग मास्तर लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट

पनवेलहून तळोजा एमआयडीसीकडे गेलात आणि तिथल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये डोकावलात, तर लेथशेजारी तेलाचे डाग पडलेला एक कागद हमखास दिसेल. ते असतं ड्रॉइंग. त्यावर एका गोल भोकाचं माप लिहिलेलं असतं, व्यास २५ मिलीमीटर. आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात दोनच खुणा, एच ७.

खरी मेख या दोन खुणांमध्ये आहे.

जगात कुठलंही मशीन बरोब्बर २५ मिलीमीटरचं भोक पाडू शकत नाही. थोडं इकडे, थोडं तिकडे होणारच. मग किती इकडे-तिकडे चालेल, हे आधीच ठरवून कागदावर लिहावं लागतं. याला म्हणतात टॉलरन्स. २५ एच ७ याचा अर्थ, भोक २५.००० पेक्षा लहान नको आणि २५.०२१ पेक्षा मोठं नको. म्हणजे कारागिराला मोकळीक किती? २१ मायक्रॉन. माणसाच्या डोक्याचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. त्यावरून अंदाज करा.

आता तुम्ही म्हणाल, एवढी बारीक मापं पाळायची तर सगळंच बारीक पाळावं की. पण तिथेच धंदा बसतो. माप जितकं काटेकोर, तितका वेळ जास्त, मशीन महाग, कारागीर महाग आणि बाद होणारा माल जास्त. उलट माप फार ढिलं ठेवलं तर शाफ्ट खडखडतो, पंप गळतो, इंजिन धूर ओकतं. कुठे सैल सोडायचं आणि कुठे आवळायचं, हे ओळखणं म्हणजे अर्धं इंजिनिअरिंग.

महाराष्ट्रात हा प्रश्न कारखान्याच्या जमिनीवर उभं राहून ज्यांना सोडवावा लागला, त्या पहिल्या काही माणसांमध्ये एक ड्रॉइंग मास्तर होता. इंजिनिअरिंगची पदवी नाही, गाठीला भांडवल नाही, आणि सुरुवात तर चित्रकार व्हायचं म्हणून केलेली. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर हे त्यांचं नाव.

रंग ओळखता येईनात, पण रेघ पक्की होती

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा. गाव गुर्लहोसूर, बेळगाव जिल्ह्यातलं. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्यापुराणांचं वातावरण, आणि या मुलाचं लक्ष मात्र शाळेच्या पुस्तकांत अजिबात नाही. चित्रं काढणं आणि वस्तू खोलून बघणं, हे दोन नाद.

शेवटी १८८५ साली त्यांनी मुंबई गाठली आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला सुरुवात केली. पण तिथे एक वेगळीच अडचण समोर आली. त्यांच्या डोळ्यांना काही रंगांमधला फरक नीट कळत नव्हता. चित्रकाराला रंग ओळखता येत नसतील तर पुढचा रस्ताच बंद.

दुसरा कुणी असता तर गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेघ धरली. ते मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले. तिथे रंगाला काहीच किंमत नसते. तिथे असतात फक्त काळ्या रेघा, कोन आणि मापं.

या शिक्षणावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षकाची नोकरी मिळाली. तेव्हा ही संस्था माटुंग्याला नव्हती, भायखळ्याला होती. लक्ष्मणराव मुलांना यंत्रांची ड्रॉइंग काढायला शिकवायचे आणि रिकाम्या वेळात वर्कशॉपमध्ये जाऊन यंत्रं कशी चालतात ते बघायचे.

ही नोकरी म्हणजे त्यांची खरी शाळा ठरली. कारण ड्रॉइंग म्हणजे नुसतं चित्र नसतं. चित्र बघून माणूस खूश झाला की काम झालं. ड्रॉइंग बघून दुसऱ्या माणसाला वस्तू बनवता आली पाहिजे, आणि ती तिसऱ्या माणसाने बनवलेल्या वस्तूत बसली पाहिजे.

सायकलने दाखवलेली गंमत

मुंबईत त्या काळी सायकल ही नवलाईची चीज होती. लक्ष्मणरावांनी ती पाहिली, चालवायला शिकले आणि त्यांच्या डोक्यात धंदा शिरला. मुंबईतून सायकली घ्यायच्या आणि बेळगावला थोरले भाऊ रामुअण्णांकडे पाठवायच्या. रामुअण्णा त्या विकायचे, आणि पैसे घेऊन चालवायलाही शिकवायचे. १८८८ सालच्या या दुकानापासून किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात मोजली जाते. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे.

आता सायकलचा आणि टॉलरन्सचा काय संबंध?

संबंध असा, की सायकल बिघडली तर दुरुस्त करणाऱ्याला सुटा भाग बदलावा लागतो. नट जातो, बोल्ट जातो, बेअरिंगची गोळी जाते. नवा नट जुन्या बोल्टवर फिरला पाहिजे. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण १९व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्येसुद्धा असं होत नव्हतं. प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढायचा नाही.

हे दुखणं मिटवलं मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थ या माणसाने. १८४१ साली त्याने बोल्टच्या आट्यांचं एकच प्रमाण सुचवलं. आट्याचा कोन ५५ अंश, आणि कुठल्या जाडीच्या बोल्टला इंचाला किती आटे, याचा ठरलेला तक्ता. हळूहळू ब्रिटिश रेल्वे आणि कारखाने त्यावर आले, आणि ब्रिटिशांसोबत ते आटे भारतात आले. हार्डवेअरच्या दुकानात आजही जुना मिस्त्री बीएसडब्ल्यू बोल्ट मागतो, त्यातला डब्ल्यू म्हणजे हाच व्हिटवर्थ.

याच व्हिटवर्थने आणखी एक सवय लावली. वस्तू नुसती पट्टीने मोजण्याऐवजी गेजने तपासायची. पुढे त्यातूनच कारखान्यांमध्ये गो आणि नो-गो गेज रूढ झाले. गेजचं एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. पहिलं गेलं आणि दुसरं अडलं, तर माल पास. कारागिराला आकडा वाचता आला नाही तरी चालतं.

बढती हुकली आणि नोकरी सुटली

व्हीजेटीआयमध्ये लक्ष्मणरावांचं काम चोख होतं. बढतीची जागा निघाली तेव्हा ती आपल्याला मिळेल असं त्यांना वाटत होतं. पण ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. हा अपमान लक्ष्मणरावांना सहन झाला नाही. १८९७ च्या सुमारास त्यांनी नोकरी सोडली आणि पत्नी राधाबाईंसह बेळगाव गाठलं.

तिशीच्या उंबरठ्यावरचा संसारी माणूस, ठरलेला पगार सोडून गावी आलेला. लोक काय म्हणाले असतील याची कल्पना करता येते.

बेळगावात त्यांनी लहानसं वर्कशॉप उभं केलं. सुरुवातीला त्यांनी हात घातला तो कडबा कापायच्या यंत्राला. गुरांना अख्खा कडबा टाकला तर अर्धा वाया जातो. बारीक तुकडे करून घातले तर गुरं सगळा खातात. शेतकऱ्याला फायदा लगेच दिसणारा होता.

हे यंत्र दिसायला साधं. मोठं चाक, चाकाला पाती, चाक फिरवलं की पातं तोंडासमोरून जातं आणि कडबा कापला जातो. पण पातं आणि तोंडाची कड यांच्यातल्या फटीत सगळा खेळ आहे. फट मोठी झाली तर कडबा कापला न जाता वाकून मध्येच अडकतो. फट फार कमी झाली तर पातं कडेवर आपटतं आणि धार जाते.

मग प्रत्येक यंत्रात ही फट अगदी नेमकी कशी आणायची? साध्या वर्कशॉपला ते परवडत नाही. म्हणून अशा यंत्रात पात्याला मागून स्क्रू दिलेले असतात. स्क्रू आवळून किंवा सैल करून शेतकऱ्याने स्वतःच फट जुळवायची. जिथे माप पाळणं महाग पडतं, तिथे माप जुळवायची सोय द्यायची. टॉलरन्स निवडण्याच्या शास्त्रातला हा फार जुना आणि फार उपयोगी तोडगा आहे.

सहा नांगर आणि दोन वर्षं

मग आला लोखंडी नांगर. साल १९०३.

त्या काळी आपल्याकडे लाकडी नांगर चालायचा. तो जमीन वरवर खरवडायचा. खोल मुळं धरलेली हरळी आणि कुंदा त्याला दाद द्यायचे नाहीत. परदेशी लोखंडी नांगर भारतात येऊ लागले होते, पण ते महाग. लक्ष्मणरावांनी ठरवलं, हे आपण इथेच बनवायचं.

नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष होतं, पिकं येत नाहीत, अशी समजूत लोकांमध्ये होती. सहा नांगर तयार होते आणि ते खपायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं माल समोर पडून, पैसा अडकून आणि लोक टिंगल करतायत. आज कुठल्याही स्टार्टअपला विचारा, दोन वर्षांत सहा ग्राहक म्हणजे काय ते.

पण ज्यांनी नांगर वापरला त्यांना फरक दिसला. जमीन खोल निघते, तण निघतं आणि पीक काही जळत नाही. बोलबाला झाला आणि मागणी वाढली.

आता नांगराकडे माप या नजरेने बघू. नांगराचा सगळ्यात जास्त झिजणारा भाग म्हणजे फाळ. दगडगोट्यांच्या जमिनीत तो झिजतो, तुटतो. तो शेतकऱ्याला बदलावा लागतो. शेतकरी राहतो कारखान्यापासून कोसों दूर, पेरणी तोंडावर आलेली आणि गावात फिटर नाही. म्हणजे नवा फाळ जुन्या नांगरावर, कानस न मारता, शेतातल्या शेतात बसला पाहिजे.

याचा अर्थ फाळ अगदी काटेकोर मापाचा हवा का? उलट आहे. तिथे माप मुद्दाम सैल ठेवावं लागतं. आजचं प्रमाण घ्या. १२ मिलीमीटरच्या बोल्टसाठी सर्वसाधारण भोक १३.५ मिलीमीटरचं पाडतात. दीड मिलीमीटरची मोकळीक. दोन भोकं थोडी इकडे-तिकडे झाली तरी बोल्ट आत जातो, आवळला की फाळ पक्का. मातीत चालणाऱ्या वस्तूला मिलीमीटरभर फरक पडला तर पिकाला कळतही नाही. पण बोल्ट आत गेला नाही तर शेतकऱ्याचा दिवस जातो आणि तो पुन्हा त्या कंपनीचा नांगर घेत नाही.

जुने मिस्त्री अशा कामाला सुतात मोजायचे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलीमीटरच्या आसपास. नांगराला अर्धं सूत इकडे-तिकडे चालून जातं.

लोखंड थंड होताना आकसतं

नांगराचे बरेच भाग ओतीव. म्हणजे लाकडाचा नमुना बनवायचा, तो वाळूत दाबून साचा तयार करायचा आणि त्यात वितळलेलं बीड ओतायचं.

इथे नवशिक्याची फजिती ठरलेली. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. म्हणजे मीटरभर लांबीला सुमारे १० मिलीमीटर. नमुना हव्या त्या मापाचा बनवला तर वस्तू लहान निघते. म्हणून नमुना बनवणारा सुतार वेगळी पट्टी वापरतो, जिच्यावरचे इंच मुळातच थोडे मोठे असतात.

शिवाय ओतलेल्या वस्तूचा पृष्ठभाग खडबडीत. जिथे दुसरा भाग बसणार असेल तिथे दोन-तीन मिलीमीटर माल जास्त ठेवायचा आणि तो लेथवर किंवा प्लेनरवर काढून टाकायचा. प्रत्येक बाजू अशी तासत बसलं तर नांगर सोन्याच्या भावात जाईल. म्हणून ड्रॉइंग काढणाऱ्याने ठरवायचं, कुठली बाजू मशीनवर जाईल आणि कुठली जशी ओतली तशीच राहील.

नांगराचा बाहेरचा भाग खडबडीत राहिला तर बैलाला फरक पडत नाही. बोल्टची बैठक सपाट नसेल तर मात्र नांगर महिनाभरात खिळखिळा होतो. ड्रॉइंग मास्तर आणि कारखानदार एकाच माणसात असण्याचा फायदा इथे होता. रेघ कुठे जाड आणि कुठे बारीक, याचा हिशेब तोच करत होता आणि त्याचं बिलही त्यालाच भरायचं होतं.

माळरानावरची वाडी

धंदा मार्गी लागतोय तोवर बेळगावच्या नगरपालिकेने शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा खाली करायला सांगितलं. उभा केलेला कारखाना उचलून न्यायचा कुठे?

अशा वेळी मदतीला आले औंध संस्थानचे राजे, बाळासाहेब पंतप्रतिनिधी. लक्ष्मणरावांनी औंधला देवळाच्या सभामंडपाचं बांधकाम केलं होतं, त्यामुळे राजांना या माणसाची पारख झालेली. राजे स्वतः चित्रकार. त्यांनी संस्थानात जागा दिली आणि १० हजार रुपयांचं कर्जही मिळवून दिलं.

जागा कुठली? आजच्या सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात, तेव्हाच्या कुंडल रोड स्टेशनजवळ. ३२ एकरांचं उजाड माळरान. पाणी कमी, निवडुंग भरपूर आणि निवडुंगात साप.

१९१० साली लक्ष्मणराव २५ कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन तिथे राहायला गेले. रामुअण्णा गावाची व्यवस्था बघू लागले, शंभोराव जांभेकरांसारखे सहकारी कारखान्यात उभे राहिले. निवडुंग तोडून घरं उभी राहिली, मग कारखाना, मग शाळा. स्टेशनचं नावही पुढे किर्लोस्करवाडी झालं.

या गावाचा एक नियम त्या काळाच्या मानाने मोठा होता. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना तिथे रात्रीच्या पहाऱ्याचं काम मिळालं. लक्ष्मणरावांचा माणसावरचा विश्वास असा होता, आणि वाडी त्या विश्वासावर उभी राहिली.

कारखान्याच्या दृष्टीनेही ही गोष्ट साधी नाही. शहरात कारागीर तयार मिळतात. माळरानावर शेतकऱ्याच्या पोराच्या हातात कॅलिपर देऊन त्याला टर्नर बनवावं लागतं. ड्रॉइंगवर कितीही बारीक माप लिहा, ते लेथवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातून उतरलं पाहिजे. आपल्या माणसांना आणि आपल्या मशीनला झेपेल असंच माप कागदावर लिहायचं, हा टॉलरन्सचा पहिला धडा आहे. तो पाळला नाही की रिजेक्शनचा ढीग लागतो.

तोफा वितळल्या, नांगर झाले

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि लोखंड, कोळसा, रंग असा सगळा माल मिळेनासा झाला. भट्टीसाठी दगडी कोळसा नाही म्हणून वाडीत लाकडी कोळशावर काम चालवून पाहिलं गेलं. कच्चं लोखंड मिळेना तेव्हा कोल्हापूरचे शाहू महाराज मदतीला धावले. पन्हाळगडावरच्या जुन्या निकामी तोफा त्यांनी वितळवायला दिल्या, आणि त्या तोफांच्या लोखंडातून शेतकऱ्यांचे नांगर तयार झाले.

ऐकायला ही गोष्ट भारी वाटते. पण ओतकाम करणाऱ्यासाठी ती डोकेदुखीही असते. प्रत्येक ठिकाणच्या लोखंडाचा गुण वेगळा. एक मऊ निघतं, दुसरं काचेसारखं ठिसूळ. माल बदलला की आकसणंही थोडं बदलतं आणि लेथवरचं हत्यारही वेगळं वागतं. कच्चा माल हाताबाहेर असताना माप काटेकोर ठेवायचा हट्ट धरला, तर उत्पादन थांबतं. नांगराची मापं मुळातच सैल असतात, म्हणून अशा काळातही नांगर बनू शकतात.

युद्धानंतर १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी नोंदवली गेली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याची माहिती देणारं हे पत्रक पुढे मराठीतलं नावाजलेलं मासिक झालं.

पंप आला आणि सूत संपलं

१९२६ साली किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचा मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअर झाला आणि पुढे वाडीच्या कारखान्यात दाखल झाला.

नांगर ते पंप ही उडी कागदावर छोटी दिसते. मापाच्या हिशेबात ती प्रचंड आहे.

पंपात एक पंखा फिरतो, त्याला इम्पेलर म्हणतात. तो पाणी बाहेरच्या बाजूला फेकतो. इम्पेलर आणि त्याच्या भोवतीची स्थिर रिंग यांच्यात बारीक फट ठेवावी लागते. लहान पंपात ती असते मिलीमीटरच्या दोन-तीन दशांश इतकी. फट जास्त झाली तर दाबाखालचं पाणी मागच्या मागे परत फिरतं. पंप फिरतो, डिझेल जळतं, पण पाणी शेतापर्यंत पोचत नाही. फट कमी झाली तर लोखंड लोखंडाला घासतं आणि पंप जाम होतो.

इथे सुतात मोजून चालत नाही. इथे मायक्रोमीटर लागतो. आणि पंपाचा शाफ्ट ज्या बेअरिंगमध्ये बसतो तिथे तर हिशेब आणखी बारीक. तिथे मिलीमीटरचे शतांश मोजावे लागतात.

म्हणजे पंपाचं सगळं शरीर बारीक मापाचं का? तसं नाही. पंपाचा पाया जमिनीला बोल्टने आवळायचा असतो, तिथे नांगरासारखीच मोकळीक चालते. बाहेरचं कवच ओतलं तसंच खडबडीत राहतं. फक्त तीन-चार जागा अशा असतात जिथे काटेकोर माप लागतं. त्या जागा नेमक्या ओळखणारा पंप स्वस्तात देऊ शकतो. सगळीकडे काटेकोर माप लिहिणारा शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर जातो.

मग डिझेल इंजिन. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्याजवळ खडकीला १९४६ साली सुरू झाली. डिझेल इंजिनात इंधन फवारणारा पंप असतो. त्यातला छोटा दांडा आणि त्याची नळी यांच्यात फट असते एक ते तीन मायक्रॉनची. एवढं बारीक माप सुटं-सुटं बनवून जुळवता येत नाही. म्हणून दांडा आणि नळी एकमेकांना घासून जोडीने तयार करतात आणि जोडीनेच बदलतात. नांगराचा फाळ कुणाचाही कुणाला बसतो, पण इंजिनातली ही जोडी मात्र जन्माची.

आणि हे सगळं बनवणारी मशीन? सतत परदेशी लेथवर अवलंबून राहायचं नसेल तर लेथही इथेच बनायला हवा. १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहरला मैसूर किर्लोस्कर उभी राहिली आणि तिथे लेथ बनू लागले. लेथ बनवणाऱ्याला आपल्या मालाचं माप ग्राहकाच्या मालापेक्षा बारीक ठेवावं लागतं, कारण लेथमधली चूक त्यावर बनणाऱ्या प्रत्येक वस्तूत उतरते. १९०३ साली सहा नांगर खपवू न शकलेल्या घराने चाळीस वर्षांच्या आत तिथवर मजल मारली होती.

जळलेली वाडी

१९४८ च्या जानेवारीत गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि मालमत्तेवर हल्ले झाले. किर्लोस्करवाडीचा कारखानाही जाळला गेला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. निवडुंग तोडून उभं केलेलं गाव त्यांच्या हयातीत आगीत होरपळलं.

कारखाना पुन्हा उभा राहिला. माणसं राहिली होती, ड्रॉइंग काढणारे हात राहिले होते. ज्या वाडीत जातपात न बघता माणसांना काम मिळालं, त्या वाडीच्या वाट्याला हे यावं, हा या गोष्टीतला सगळ्यात कडू भाग आहे.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

त्यांच्या निधनाच्याच वर्षी, १९५६ साली, संसदेने वजन-मापांचा कायदा केला आणि देश मेट्रिक पद्धतीकडे निघाला. इंच, सूत आणि मण हळूहळू कागदावरून गेले, मिलीमीटर आणि मायक्रॉन आले. आज भारतात टॉलरन्स आणि फिटसाठी आयएस ९१९ हे प्रमाण आहे, आणि तळोज्याच्या ड्रॉइंगवरचं एच ७ त्यातलंच.

मग टॉलरन्स निवडायचा कसा?

मशीन शॉपमध्ये नव्याने लागलेल्या डिप्लोमावाल्या पोरांना हा प्रश्न पडतोच. पुस्तकात तक्ते असतात, पण कुठला आकडा उचलायचा ते तक्ता सांगत नाही. त्यासाठी चार प्रश्न विचारावे लागतात.

पहिला, हा भाग नेमकं काम काय करतो? फिरतो, सरकतो, की नुसता धरून ठेवतो? शाफ्ट भोकात मोकळा फिरायचा असेल तर २५ एच ७ च्या भोकाला जी ६ चा शाफ्ट देतात. तो २४.९८० ते २४.९९३ मध्ये असतो, म्हणजे कसाही जुळवला तरी कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉनची फट राहते. बुश कायमचा ठोकून बसवायचा असेल तर त्याचा बाहेरचा व्यास भोकापेक्षा किंचित मोठा हवा.

दुसरा, हा भाग बदलावा लागणार का, आणि कोण बदलणार? कारखान्यातला फिटर की शेतातला माणूस?

तिसरा, हातातलं मशीन काय देऊ शकतं? चांगल्या लेथवर एच ७ च्या आसपासचं माप निघतं. त्याच्याही खाली जायचं तर ग्राइंडिंग लागतं आणि खर्च चढतो.

चौथा, तुम्ही ते मोजू शकता का? पोलाद तापलं की वाढतं, मीटरला प्रत्येक अंशामागे साधारण साडेअकरा मायक्रॉन. मापं २० अंश तापमानाला धरलेली असतात. पनवेलच्या मे महिन्यात शेड ३५ अंशांवर गेली, तर ३०० मिलीमीटरचा शाफ्ट ५० मायक्रॉनच्या वर लांब झालेला असतो. लेथवरून उतरलेला गरम जॉब लगेच मोजला तर माप आणखीच फसवं. ज्या मापाची खात्री करता येत नाही ते ड्रॉइंगवर लिहून उपयोग नाही.

या चारही प्रश्नांची उत्तरं मिळाल्यावर, ज्या सगळ्यात सैल मापावर काम भागतं ते लिहायचं. नांगराला त्याचं सैल माप आणि पंपाला त्याचं बारीक माप, हा भेद ओळखणारे कारखाने माळरानावरही टिकले.

लक्ष्मणरावांना रंग नीट दिसत नव्हते. पण कडबा कापणाऱ्या पात्यापासून सुरू झालेला त्यांचा धंदा पुढे मायक्रॉनपर्यंत पोचला. तळोज्याच्या शेडमध्ये आज एखादा टर्नर गो गेज भोकात घालतो, मग नो-गो लावून बघतो, तो अडला की जॉब ट्रेमध्ये ठेवतो आणि पुढचा चकमध्ये लावतो.